तू म्हणत होतास, स्टीअरिंग ढिलं आहे

रम्या,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. मंडळाच्या खोलीत साठ-सत्तर माणसं जमली होती, तुझ्या फोटोला हार घातला होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पहिलीपासूनचा दोस्त, त्यात डॉक्टर, त्यात चार लोकांसमोर बोलायची सवय असलेला. मी घशाकडे बोट दाखवून नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, दिलीपला भरून आलंय. सुनंदा वहिनींनी तर उठून मला पाणी आणून दिलं. घशाला काही झालं नव्हतं. बोलायला उभा राहिलो तर तोंडून खरं निघून जाईल, याची भीती वाटत होती.

आज दीड महिना होईल. दुपारची वेळ आहे, दवाखान्याचं शटर अर्धं ओढून बसलोय आणि तुला लिहितोय. तू हे वाचणार नाहीस हे मला कळतं. निदान मध्येच तोडून "मुद्द्यावर ये, डॉक्या" तरी म्हणणार नाहीस.

मुद्दा गाडीचाच आहे.

तुझ्या गॅरेजच्या गाळ्यात एका गिऱ्हाइकाने परदेशी जाताना टाकून दिलेली ती फुगीर बॉनेटची, दुधाळ रंगाची गाडी. वयाने आपल्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तू तिला 'बाय' म्हणायचास, मालवणात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. दिवसभर लोकांच्या गाड्या करायच्या आणि संध्याकाळी तासभर बायची सेवा. तिला रस्त्यावर आणायला तुला तीन वर्षं लागली. कोर्टाच्या मागच्या गल्लीतून ती पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा तुझ्या शेजारच्या सीटवर मी होतो. भोईवाड्यातून परळ, लालबाग करून आपण गिरगाव चौपाटीपर्यंत गेलो होतो आणि येताना तू एक शब्दही बोलला नव्हतास. मी विचारलं, "काय रे, काय झालं?" तर म्हणालास, "गप. ऐकतोय तिला."

आईच्या आजारपणात हीच गाडी होती. तिला दीड महिना रोज रेडिएशनला न्यायचं होतं. मी इथे पेशंट तपासत बसायचो आणि माझ्या आईला तू न्यायचास. तुझा गाळा अर्धा दिवस बंद ठेवून. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तुला पाठ होता. आई म्हणायची, "रमाकांताच्या गाडीत मला झोप लागते रे." तिला घरी, दवाखान्यात, हॉस्पिटलात कुठेच झोप लागत नव्हती तेव्हाची गोष्ट. याबद्दल मी तुला कधी धड काही म्हटलं नाही. म्हणायला गेलो असतो तर तू शिवी घातली असतीस, ही माझी सबब.

आणि तुझे हात. ते तेव्हाही थरथरायचे. ते कायमच थरथरायचे. चाळीच्या गॅलरीत आपण कॅरम खेळायचो तेव्हा नवी पोरं तुझा हात बघून हसायची. स्ट्रायकरवर बोट टेकेपर्यंत हात कापत असायचा, आणि बोट टेकलं की दगडासारखा स्थिर. राणी आणि कव्हर एका दमात घ्यायचास. मी पुढे मेडिकलला गेलो तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, हा एक प्रकारचा कंप असतो, घराण्यात चालत येतो, त्याने काही बिघडत नाही. तुझ्या वडिलांचेही हात तसेच होते आणि ते गिरणीत शेवटपर्यंत साच्यावर उभे होते. हे सगळं मला माहीत होतं. हे मला माहीत होतं, एवढं तू ध्यानात ठेव, कारण पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं मला म्हणता येत नाही.

गेल्या थंडीत तू वहिनींना घेऊन दादरच्या मार्केटमधून येत होतास. हिंदमाताच्या वळणावर गाडी दुभाजकाला घासली. फार काही नाही, पण वहिनींचा खांदा दारावर आपटला आणि तीन आठवडे हात गळ्यात अडकवावा लागला. मी बघायला आलो तेव्हा तू खुर्चीत मान खाली घालून बसला होतास.

"स्टीअरिंग ढिलं आहे," तू म्हणालास. "मी डावीकडे घेतलं, ती उशिरा वळली. मग जास्त घेतलं तर जास्त वळली."

केतकी तिथेच उभी होती. लग्न होऊन माटुंग्याला गेलेली तुझी मुलगी, पण त्या दिवसांत रोज यायची. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. तुझ्या डोक्यावरून आमचं बोलणं झालं आणि ते तुला कळलं असणार. तुला काय कळत नव्हतं?

त्यानंतर महिनाभर तू त्या ढिलाईच्या मागे लागलास. मी येता-जाता गाळ्यात डोकवायचो. स्टीअरिंगचं चाक दोन बोटं फिरवलं तरी टायर हलत नाही, एवढा प्ले. तू मला पोराला समजावावं तसं समजावलंस: चाकापासून टायरपर्यंत हाडांसारखे जोड आहेत, एकाला एक लागून. त्यातला एखादा सैल असला की हाताने दिलेला हुकूम वाटेत थोडा सांडतो. कोणता जोड ते शोधायचं. तू स्टीअरिंगचा बॉक्स उघडून बघितलास, ठीक होता. टायरजवळचे जोड बघितलेस, ठीक होते. मी म्हटलं, "सगळेच बदलून टाक ना. कटकट मिटेल."

"हेच तुमचं," तू म्हणालास. "आधी औषध, मग रोग."

हे आपलं चाळीस वर्षांचं भांडण. मी ताप बघून गोळी लिहितो आणि तू दोष डोळ्याने दिसल्याशिवाय पाना लावत नाहीस. मी म्हणायचो, माझ्या दारात रोज ऐंशी माणसं असतात, प्रत्येकाला उघडून बघायला गेलो तर निम्मी रांगेतच बरी होतील. तू म्हणायचास, "होऊ देत की. तुझं काय जातंय?"

मग तू मला ते काम सांगितलंस. "जॅकवर चढवून काही दिसत नाही. चाकं हवेत असली की जोडांवर वजनच नसतं, सगळं घट्ट वाटतं. गाडी जमिनीवर पाहिजे. एकाने वर बसून स्टीअरिंग थोडंसं इकडेतिकडे करत राहायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून बघायचं. मी एकटा काय करू? वर फिरवून खाली जाईपर्यंत सगळं शांत. तू दहा मिनिटं बस. नुसता बस आणि हलव."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. पुढच्या रविवारी मला कंटाळा आला होता. तिसऱ्या रविवारी तू विचारलंच नाहीस.

आता खरं सांगतो, रम्या. मला कंटाळा आला नव्हता. केतकी दवाखान्यात येऊन गेली होती. "काका, बाबा ऐकत नाहीत. गाडीलाच दोष देतात. परवा परत आईला घेऊन निघाले होते. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील." तिचं काही चुकलं नाही. तिची आई जखमी झाली होती. पण मला त्या क्षणी सगळं फार सोपं वाटलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, कापणारे हात, वळणावर अंदाज चुकला. मी तिला म्हटलं, "त्याच्या लायसन्सची मुदत संपत आलीय ना? फॉर्मवर डॉक्टरची सही लागते. माझ्याकडेच येईल तो." आणि मग तुझ्या गाडीत बसून ढिलाई शोधण्यात काय अर्थ होता? माझं निदान तर झालं होतं.

होळीच्या आसपास तू आलास. आत हाक मारून यायचं सोडून नंबर लावून बाकावर बसलास. इस्त्रीचा शर्ट. तुझा नंबर आला तेव्हा मला हसू आलं.

"नंबर लावून? तू?"

"ऑफिशियल काम आहे," म्हणालास आणि फॉर्म माझ्यासमोर ठेवलास.

रम्या, या फॉर्मवर मी निम्म्या भोईवाड्याला सह्या दिल्यात. वर मान करून बघितलंसुद्धा नाही कित्येकदा. एका डोळ्याने दिसत नसलेल्या माणसालाही एकदा दिली होती, नंतर कळलं. आणि तुझा फॉर्म मी बाजूला सारला.

"हात पुढे कर."

तू केलास. तो थरथरत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"हे जन्माचं आहे. तुला माहीत नाही?"

"आता वय झालं, रम्या. मी सही करणार नाही."

तू फॉर्म परत माझ्यापुढे सरकवलास. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मग म्हणालास, "तपास तरी."

"तपासलं की."

"हात बघितलास. मला नाही तपासलंस."

मी चिडलो. खोटा माणूस पटकन चिडतो. बाहेर पंधरा पेशंट बसले होते, पडद्याला कान लावून. आणि मी मोठ्याने म्हणालो, "चाळीस वर्षं सगळ्या मुंबईच्या गाड्यांचे दोष शोधलेस. स्वतःच्या गाडीतला सापडत नाही तुला. यावरून काय समजायचं मी?"

मला वाटलं होतं तू शिवी देशील. तू उठलास. फॉर्म उचललास, घडी घालून खिशात ठेवलास आणि म्हणालास, "बरं, डॉक्टर. येतो."

त्या आधी तू मला डॉक्टर म्हटलं नव्हतंस. दिल्या, डॉक्या, मेल्या, काहीही. तू गेल्यावर मी बारावा नंबर आत बोलावला.

त्याच आठवड्यात तू चावी केतकीच्या हातात दिलीस. गाळ्याला कुलूप लागलं. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी दोन-तीनदा फोन केला. "कसा आहेस?" तर "मजेत." मॅचबद्दल बोललास, राजकारणाबद्दल बोललास, माझ्या साखरेची चौकशी केलीस. गाडीबद्दल तूही नाही आणि मीही नाही. दोस्ती तशीच आहे असं मी स्वतःला सांगत राहिलो. चार महिन्यांनी एका दुपारी जेवून खुर्चीत बसलास आणि बसल्या जागी गेलास. वहिनींचा फोन आला, मी धावत तिसऱ्या मजल्यावर चढलो. पोचलो तेव्हा उपयोग नव्हता.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

महिन्याभराने केतकीने गाडी विकायचं ठरवलं. जुन्या गाड्यांचा शौक असलेला एकजण घ्यायला तयार होता, पण आधी स्वतःच्या मेकॅनिककडून बघून घेणार होता. वडाळ्याचे नझीरभाई. सत्तरीचे, पांढरी दाढी, गुडघे धरून बसणारे. केतकीने मला सोबतीला बोलावलं. गाळ्याचं शटर चार महिन्यांनी, खरं तर त्याहून जास्त दिवसांनी वर गेलं. ग्रीसचा वास अजून होता.

नझीरभाईंनी स्टीअरिंग थोडं हलवलं आणि म्हणाले, "ढिला है." मग खाली वाकून टॉर्च मारला आणि तो एकेका जोडावरून फिरवला. "ये किसने किया है?"

मी वाकून बघितलं. खाली प्रत्येक जोडावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारलेली होती. अर्धी एका भागावर, अर्धी दुसऱ्यावर. जोड सैल असेल तर रेघ तुटणार. एकही रेघ तुटलेली नव्हती. आणि स्टीअरिंगच्या चाकाला सुतळी बांधलेली होती, ती खिडकीतून बाहेर येऊन गाडीखाली गेली होती. तू खाली झोपून सुतळी ओढत होतास, रम्या. चाक फिरवायला कुणी नव्हतं म्हणून. आणि सुतळीने एकाच बाजूला ओढता येतं.

"डॉक्टरसाब, आप अंदर बैठो," नझीरभाई म्हणाले. "थोडा इधर, थोडा उधर. बस."

मी बसलो. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. खालून आवाज येत होता, "और... और... धीरे..." मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण दहा मिनिटंही झाली नसतील.

"मिल गया."

मग केतकीला वर बसवून त्यांनी मला खाली बोलावलं. जमिनीवर पाठ टेकून मी त्या गाडीखाली पहिल्यांदाच शिरलो. डाव्या बाजूला जोडांना आधार देणारा एक लोखंडी हात असतो, तो गाडीच्या अंगाला चार बोल्टांनी पक्का केलेला. बोल्ट घट्ट होते. तुझी रेघ तिथेही शाबूत होती. पण बोल्ट ज्या पत्र्यात बसले होते तो पत्राच मागून चिरला होता. केतकीने चाक फिरवलं की चीर उघडायची, उलट फिरवलं की मिटायची. आधार आणि पत्रा दोन्ही एकत्र हलत होते, म्हणून रेघ तुटत नव्हती. उभ्या गाडीत ती चीर केसाएवढीही दिसत नव्हती.

"जिसने लाइनें मारी, सही आदमी था," नझीरभाई कपड्याला हात पुसत म्हणाले. "बस एक आदमी और चाहिए था उसको."

केतकी गाडीतून उतरली. "म्हणजे बाबा खरं सांगत होते?"

मी कपड्यांवरची धूळ झटकत राहिलो.

"काका, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं? असं बसायला वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

तुझ्याच गाळ्यात उभा राहून.

तेव्हापासून मी स्वतःला एक गोष्ट समजावत होतो. त्या चिरेसकट तू गाडी चालवत राहिला असतास तर एखाद्या दिवशी पत्रा फाटला असता, भर रस्त्यात. म्हणजे तू गाडीपासून लांब राहिलास ते बरंच झालं. हे खरंही आहे. पण मी गाडीला थांबवलं नव्हतं. गाडीला थांबवलं असतं तर तू स्वतःच चावी काढून ठेवली असतीस, दोन दिवसांत वेल्डिंग केलं असतंस, आणि मला पुढची वीस वर्षं ऐकवलं असतंस.

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे गेलो. केतकीही होती. सगळं सांगितलं. तीन रविवार, फॉर्म, पडद्याबाहेरची माणसं, मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द, आणि गाळ्यात केतकीशी खोटं बोललो तेही. केतकी उठून गॅलरीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाली, "काका, तुमच्याकडे मीच आले होते." मी म्हटलं, "तू घाबरून आली होतीस. डॉक्टर मी होतो." गाडी ती आता विकणार नाहीये. नझीरभाईंनी पत्रा कापून नवा जोडून दिला.

वहिनी मात्र रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या चहा करायला आत गेल्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मला काहीतरी ऐकून घ्यायचं होतं. त्या आधण बघत सावकाश बोलत होत्या, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त.

"जाऊ दे, भावजी. तुमचा त्यांच्यावर जीव होता. आणि तुम्ही तपासलंत तेव्हा मला किती धीर आला होता."

"कधी?"

"फॉर्मला आले होते तेव्हा. त्याआधी महिनाभर त्यांना जिना चढताना दम लागायचा. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे. मी मागे लागले होते, डॉक्टरला दाखवा. तर म्हणायचे, फॉर्मसाठी दिल्याकडे जायचंच आहे, तपासेल तेव्हा सगळंच बघेल तो, वेगळं कशाला? त्या दिवशी घरी आले, मी विचारलं, तपासलं का? म्हणाले, झालं तपासून. मग माझा जीव भांड्यात पडला. तुम्हीच बघितलंत म्हटल्यावर आणखी कुणाकडे कशाला जायचं?"

त्यांनी कप माझ्या हातात दिला. "साखर घातली नाहीये," म्हणाल्या. मी तो चहा प्यायलो. सगळा प्यायलो, आणि निघताना त्या म्हणाल्या, "येत जा अधूनमधून. तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं."

स्टीअरिंगचं सगळं मी त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी मी नुसता हात बघितला, तपासलं नव्हतंच, हे मात्र सांगता आलं नाही. तू त्यांना "झालं तपासून" असं का सांगितलंस तेही मला कळत नाही. मला सांभाळून घेतलंस, की तुझ्या लेखी विषय संपला होता?

त्या दिवशी ब्लडप्रेशरचं मशीन टेबलावरच होतं. स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात होता. पाच महिने मी समजत होतो की तू लायसन्ससाठी आला होतास.

तू माझ्याकडे तपासून घ्यायला आला होतास, रम्या.